चौकात हवाशुद्धीचा मनोरा उभारावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या शहराच्या मुख्य चौकात, बसथांब्याला लागून नगरपालिकेचा मोकळा प्लॉट आहे. तिथे हवा शुद्ध करणारा १२ मीटर उंच मनोरा, पायथ्याशी बाकं, कारंजं आणि लहान मुलांची खेळणी असा प्रस्ताव आला आहे. शेजारीच शाळा आहे. नगरपालिकेने हरकती आणि सूचना मागवल्या आहेत. मनोऱ्याने खरंच हवा सुधारते का, आणि सुधारत नसेल तर त्या जागेसाठी आपण काय मागावं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी वास्तुविशारद आहे. गेली २२ वर्षं चौक, बागा, बसस्थानकं अशा सार्वजनिक जागांच्या रचनेचं काम करते. आधी उत्तर सांगते, मग कारणं. मनोऱ्याला हरकत घ्या, बागेला घेऊ नका. मात्र बागेचा आराखडा बदलून मागा. आत्ता आहे तसा तो झाला, तर चौकातली सर्वांत वाईट हवा जिथे आहे नेमकं तिथेच आपण मुलांना झोपाळ्यावर बसवणार आहोत.

मनोऱ्याचं गणित शाळेतल्या गुणाकाराइतकं सोपं आहे आणि ते तुम्ही सभेत फळ्यावर मांडू शकता. तुमचा चौक साधारण १०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद धरा. माणसं, गाड्या आणि धूर हे सगळं जमिनीपासून १० मीटर उंचीच्या आत आहे असं समजा. म्हणजे चौकात १ लाख घनमीटर हवा आहे. वारा अगदी मंद, सेकंदाला १ मीटर, म्हणजे पान हलेल न हलेल इतका. तरीही चौकाच्या एका बाजूने दर सेकंदाला १,००० घनमीटर हवा आत येते आणि तेवढीच दुसऱ्या बाजूने निघून जाते. शंभर सेकंदांत, म्हणजे दोन मिनिटांच्या आत, चौकातली सगळी हवा बदललेली असते.

आता मनोरा किती हवा गाळतो ते पाहा. नेदरलँड्सचे कलाकार दान रोझेगार्डे यांनी २०१५ मध्ये रॉटरडॅमला ७ मीटरचा जो प्रसिद्ध मनोरा उभारला, तो तासाला ३०,००० घनमीटर हवा शुद्ध करतो. सेकंदाचा हिशेब केला तर आठ घनमीटरांच्या जरा वर. चौकातून जाणाऱ्या हजारातले आठ. एक टक्कासुद्धा नाही. तुमच्याकडच्या प्रस्तावात क्षमतेचा आकडा असेलच. त्याला ३,६०० ने भागा आणि १,००० शी ताडून पाहा. पुढचं काही समजावण्याची गरज राहणार नाही.

मनोरा मोठा केला तर? तेही आपल्या देशात करून झालं आहे. दिल्लीत कॅनॉट प्लेसजवळ बाबा खडक सिंग मार्गावर २३ ऑगस्ट २०२१ रोजी २४ मीटरहून उंच मनोरा सुरू झाला. त्यात ४० पंखे आणि सुमारे ५,००० फिल्टर आहेत. वरून घाण हवा ओढायची, गाळायची आणि खाली जमिनीलगत सोडायची अशी रचना. क्षमता सेकंदाला १,००० घनमीटर आणि खर्च वीस कोटींहून जास्त. सभोवताली एक किलोमीटरच्या त्रिज्येत फरक पडेल अशी अपेक्षा होती. पुन्हा तोच गुणाकार करा: दोन किलोमीटर रुंद आणि १०० मीटर उंच अशा दारातून सेकंदाला एक मीटर वेगाने हवा वाहते, म्हणजे २ लाख घनमीटर. त्यातले हजार म्हणजे अर्धा टक्का. पुढे दिल्ली प्रदूषण नियंत्रण समितीने जो निष्कर्ष मांडला त्यानुसार शंभर मीटरच्या आत जास्तीत जास्त १७ टक्के घट होती. २०२३ मध्ये मनोरा काही महिने बंदही होता आणि त्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो पुन्हा चालू करावा लागला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वारा पूर्ण पडलेला असतो अशा हिवाळ्यातल्या सकाळी मनोऱ्याच्या अगदी भोवती, वीसेक मीटरपर्यंत, हवा थोडी बरी मिळू शकते. त्याच्या बाजूने जे अभ्यास दाखवले जातात ते बहुतेक अशाच शांत हवेतले आहेत. तेवढ्या वर्तुळात उभं राहिलेल्या माणसाला फायदा होतो, हे खोटं नाही. पण पान हललं की ते वर्तुळ पुसलं जातं. स्वच्छ केलेली हवा धरून ठेवायला भिंतीच नाहीत. माझ्या मते सगळ्या चर्चेची गाठ इथे आहे. हवा गाळण्याचं तंत्र आपल्याला उत्तम अवगत आहे, शस्त्रक्रियागृहात ते रोज वापरतात. उघड्या चौकात अडचण गाळण्याची नाहीच, साठवण्याची आहे.

नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने आणि पवईच्या आयआयटीने मिळून २०१८ मध्ये ‘वायू’ नावाची छोटी यंत्रं दिल्लीतल्या काही गजबजलेल्या चौकांत बसवली होती. आपल्याकडच्या अभियंत्यांनी हा प्रश्न मनापासून हाताळला आहे, म्हणून माझ्या मनात त्या प्रयत्नांबद्दल आदर आहे. परंतु यंत्र लहान असो की मोठं, उघड्या हवेचं गणित बदलत नाही.

मग हवा सुधारते कशाने? दोन शहरांकडे पाहा, दोन्हीकडे रोझेगार्डे यांचा मनोरा पाहुणा म्हणून येऊन गेला आहे. २०१६ मध्ये तो बीजिंगच्या ७९८ कलाक्षेत्रात उभा होता. त्या शहरात २०१३ साली पीएम २.५ ची वार्षिक सरासरी घनमीटरला ८९.५ मायक्रोग्रॅम होती. २०२० मध्ये ती ३८ वर आली. पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याएवढे धूलिकण, जे नाकात अडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. भारताची वार्षिक मर्यादा ४० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली ५. बीजिंगची ही घसरण कोळशाच्या भट्ट्या बंद केल्याने, घरातल्या शेगड्या बदलल्याने, जुनी वाहनं काढून टाकल्याने झाली. पोलंडमधल्या क्राकूवमध्ये हाच मनोरा २०१८ मध्ये योर्दान पार्कात उभा राहिला. लोक बघायला गेले, त्यावर बोलले. पण क्राकूवने खरी गोष्ट केली ती १ सप्टेंबर २०१९ रोजी: घरात कोळसा आणि लाकूड जाळायला पूर्ण बंदी. कडाक्याच्या थंडीच्या देशात एवढा निर्णय घेणं सोपं नव्हतं. मनोऱ्यामुळे लोकांचं लक्ष वेधलं गेलं असेल, तर एक कलाकृती म्हणून त्याने आपलं काम केलं. तुमच्या नगरपालिकेने मात्र तो कलाकृती म्हणून नाही, उपाय म्हणून मांडला आहे. म्हणून त्याची परीक्षा उपाय म्हणूनच घ्यायला हवी.

यावरून वास्तुरचनेचा आणि हवेचा संबंधच नाही असं कुणी म्हणालं, तर ते मला अजिबात मान्य नाही. संबंध फार जुना आहे आणि त्याचं सर्वांत जवळचं उदाहरण मुंबईत पायाखाली आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने पहिल्या काही वर्षांत जी कामं हाती घेतली त्यात प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे पश्चिम-पूर्व जाणारे रुंद रस्ते होते. प्रिन्सेस स्ट्रीट म्हणजे आजचा शामलदास गांधी मार्ग. समुद्र तेव्हा आजच्यापेक्षा जवळ होता, मरीन ड्राइव्हची भर अजून पडायची होती. हेतू असा की दुपारचे खारे वारे या रस्त्यांवाटे दाट वस्तीच्या आत, मांडवी-काळबादेवीच्या बाजूला शिरावेत. रस्ता वाहतुकीसाठी होताच, पण तो वाऱ्यासाठीही आखला होता.

त्याच ट्रस्टच्या काळात साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आला. समोरच्या मोकळ्या जागेच्या कडेपासून इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा उभी नसावी. सोप्या भाषेत, समोर जेवढी मोकळी जागा तिच्या दुपटीपेक्षा इमारत उंच नको. दादर-माटुंग्याच्या जुन्या वसाहतींमधून आजही चालताना जे बरं वाटतं, त्यामागे रुंद रस्ते, ठरावीक उंची आणि मध्ये सोडलेली मैदानं आहेत.

ट्रस्टचं सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. दूषित हवेने रोग पसरतो या समजुतीवर त्यांनी आखणी केली. प्लेग पसरत होता तो उंदरांवरच्या पिसवांमुळे. रस्ते काढताना गरिबांच्या चाळी पाडल्या आणि जितकी घरं गेली तितकी लवकर उभी राहिली नाहीत. ज्यांच्यासाठी वारा आणायचा त्यांनाच उठवलं, हा डाग त्या कामावर आहे, आणि आजही ‘सुशोभीकरण’ असा शब्द फाइलवर दिसला की मला तो आठवतो. तुमच्या प्लॉटच्या कडेला बसणाऱ्या भाजीवाल्या बायकांना नव्या बागेत जागा आहे का, हे सूचनांमध्ये जरूर विचारा. दिवसाचे दहा तास त्या चौकाची हवा त्याच घेतात.

वाऱ्याची वाट राखण्याचं शास्त्र इतर ठिकाणी पुष्कळ पुढे गेलं आहे. जर्मनीतलं स्टुटगार्ट टेकड्यांनी वेढलेल्या खोलगट जागेत आहे, तिथे वारा फार कमी. त्या शहराने १९३८ पासून नगरपालिकेत हवामानतज्ज्ञ नेमला आहे. रात्री टेकड्यांवरून थंड, स्वच्छ हवा उताराने खाली येते. तिच्या वाटेत इमारती उभ्या राहू नयेत म्हणून उतार आणि दऱ्या मोकळ्या राखल्या आहेत. हाँगकाँगने २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीनंतर मोठ्या प्रकल्पांसाठी वायुवीजनाची तपासणी सुरू केली: नवीन इमारत उभी राहिली तर मागच्या गल्लीतला वारा अडतो का, हे आधी तपासायचं. तुमचं शहर पठारावर आहे. खारे-मतलई वारे तिथे पोचत नाहीत. पण तुम्ही लिहिलंय की चौकामागून ओढा जातो. हिवाळ्यातल्या रात्री माळावरची थंड हवा त्याच ओढ्याच्या पात्रातून हळूहळू शहरात उतरत असणार. त्या ओढ्यावर स्लॅब टाकून वाहनतळ करायचा प्रस्ताव आला, तर मनोऱ्यापेक्षाही जोरात विरोध करा.

हवा आणि सार्वजनिक जागा यांचा एकत्र विचार करून केलेली जी मोजकी कामं मला मनापासून आवडतात, त्यात तैवानमधल्या ताइचुंग शहराची जेड इको पार्क पहिली. जुन्या शुईनान विमानतळाच्या जागेवर सुमारे ६७ हेक्टरची ही बाग आहे. २०११ च्या स्पर्धेत फिलिप राम, मोसबाख आणि रिकी लिऊ यांच्या कार्यालयांचा आराखडा निवडला गेला आणि २०२० मध्ये बाग खुली झाली. तिथे हवा शुद्ध करणारी, गार करणारी आणि कोरडी करणारी उपकरणंही आहेत, पण मला महत्त्वाची वाटते ती त्याआधीची पायरी. संगणकावर वाऱ्याचं गणित मांडून त्यांनी आधी शोधलं की या जमिनीवर निसर्गतःच कुठे जास्त गार असतं, कुठे दमट हवा कमी असते, कुठे रस्त्याचा धूर कमी पोचतो. मग जिथे धूर कमी तिथे मुलांच्या आणि घरच्या माणसांच्या जागा, जिथे कोरडं तिथे खेळ, जिथे गार तिथे निवांत बसणं. झाडं आणि उपकरणं नंतर आली, जे मुळात चांगलं आहे ते आणखी वाढवायला. मी विद्यार्थ्यांना हा आराखडा दरवर्षी दाखवते. नकाशावर रिकामी दिसणारी जागा हवेच्या दृष्टीने कधीच सारखी नसते, हे त्यावरून लगेच कळतं.

दुसरं उदाहरण सोलचं. तिथे छंग्येछन नावाच्या ओढ्यावर रस्ता आणि त्याच्यावर उन्नत महामार्ग होता. दोन्ही मिळून रोज दीड लाखाहून जास्त वाहनं जात. २००३ ते २००५ या काळात शहराने तो महामार्ग पाडला आणि ५.८ किलोमीटर ओढा पुन्हा मोकळा केला. आज तिथे लोक पाण्यात पाय सोडून बसतात. त्या परिसरात पीएम १० ची, म्हणजे जरा मोठ्या धूलिकणांची पातळी घनमीटरला ७४ मायक्रोग्रॅमवरून ४८ वर आल्याची नोंद आहे. एकही फिल्टर न लावता तिसऱ्या हिश्श्याने घट. हवा शुद्ध करणं आणि सार्वजनिक जागा निर्माण करणं ही दोन कामं तिथे एकाच कृतीत झाली. गाड्यांची जागा माणसांना दिली, एवढंच.

भिंतींबद्दल आणि रंगांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण मनोरा नाकारला की पुढचा प्रस्ताव बहुधा तोच येईल. टायटॅनियम डायऑक्साइड मिसळलेलं सिमेंट किंवा लेप उन्हातल्या अतिनील किरणांनी जागा होतो आणि वाहनांच्या धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडचं नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. ते पावसाने धुऊन जातं. २०१५ च्या मिलान एक्स्पोमधलं इटलीचं दालन अशा सिमेंटचं होतं. मेक्सिको सिटीतल्या एका रुग्णालयाला २०१३ मध्ये २,५०० चौरस मीटरचा जाळीदार दर्शनी भाग लावला, रोज हजार वाहनांच्या धुराचा परिणाम तो नाहीसा करतो असा दावा होता. रसायनशास्त्र खरं आहे. पण हवेने त्या पृष्ठभागाला स्पर्श केला तरच काम होतं, आणि चौकातली बहुतेक हवा कुठल्याच भिंतीला न शिवता निघून जाते. शिवाय तुमच्याकडचा मुख्य त्रास धुळीचा आणि बारीक कणांचा आहे, त्याला हा लेप जवळजवळ काहीच करत नाही. आठ महिने पाऊस नसणाऱ्या आपल्या गावांत धूळ बसून तो लेप झाकला जातो, हे निराळंच.

हिरव्या भिंतीबद्दल मी स्वतःच्या अनुभवातून सांगू शकते. एका शहरात उड्डाणपुलाच्या खांबांवर हिरवं आच्छादन करण्याचं काम माझ्याकडे आलं. मी उत्साहाने केलं. ठिबकच्या नळ्या, कप्पे, निवडून आणलेल्या वेली. उद्‌घाटनाच्या दिवशी ते सुंदर दिसत होतं. देखभालीचा करार एक वर्षाचा होता. दुसऱ्या उन्हाळ्यात पंप बिघडला, दुरुस्तीची फाइल फिरत राहिली आणि मे महिन्यात मी गेले तेव्हा कप्प्यांत काळी धूळ आणि काड्या होत्या. ठिबकवर जगणारी झाडं सार्वजनिक जागेत लावताना दहा वर्षांची देखभाल आधी ठरवायला हवी होती, ती मी ठरवून घेतली नाही. स्टुटगार्टसारख्या शिस्तीच्या शहरातही २०१७ मध्ये वर्दळीच्या रस्त्याकडेला उभारलेली १०० मीटरची शेवाळाची भिंत टिकली नाही, काढून टाकावी लागली.

झाडांबाबत एक गैरसमज मात्र दूर करायलाच हवा. दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या अरुंद रस्त्यावर झाडांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतल्या, तर त्यांचं झाकण होतं आणि खालचा धूर खालीच कोंडतो. त्याच झाडांनी मोकळ्या रस्त्याच्या कडेला, पदपथ आणि गाड्या यांच्यामध्ये, दाट कुंपणासारखी रांग धरली तर मागे चालणाऱ्याला धूर कमी लागतो. मी हातातला मीटर घेऊन अशा कुंपणांच्या पुढे-मागे अनेकदा फिरले आहे. कुंपण डोक्याएवढं उंच आणि बुंध्यापासून भरलेलं असेल तर फरक दिसतो, खालून उघडं असेल तर दिसत नाही. झाड लावायचं ते सावलीसाठी, पाखरांसाठी, उन्हाळ्यात जगता यावं म्हणून. त्यासाठी शंभर वेळा लावा. फक्त झाडाला फिल्टर समजून गाड्या वाढवू नका.

आता तुमच्या प्लॉटकडे येऊ. तुम्ही पाठवलेल्या रेखाटनात खेळणी सिग्नलच्या बाजूला आहेत, रस्त्याच्या कडेपासून जेमतेम चार मीटर. सिग्नलला थांबलेली गाडी पुन्हा निघते तेव्हा सर्वांत जास्त धूर सोडते, आणि त्या धुराची नळी मोठ्या माणसापेक्षा तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडाच्या जास्त जवळ असते. रस्त्यापासून लांब जावं तसा धूर झपाट्याने विरळ होतो. पहिले दहा-वीस मीटर फार मोलाचे. म्हणून खेळणी आणि बाकं ओढ्याच्या बाजूला, प्लॉटच्या मागच्या टोकाला न्या. रस्त्याच्या बाजूला जिथे माणूस थांबत नाही अशा गोष्टी ठेवा: सायकलतळ, पाण्याची टाकी, विजेची पेटी, आणि त्यापुढे जमिनीपासून दाट असं कुंपण. अडुळसा, कण्हेर, मेंदी यांपैकी मुलांच्या जागेजवळ कण्हेर नको, ती विषारी आहे. कारंजं वगळलं तरी चालेल. त्या पैशात दहा वर्षांचा माळी मिळतो.

बसथांबा ही त्या चौकातली माणसांच्या श्वासाची सर्वांत मोठी जागा आहे, कारण तिथे लोक नुसते जात नाहीत, वीस-वीस मिनिटं थांबतात. आजच्या थांब्याची उघडी बाजू रस्त्याकडे आहे आणि मागे पत्रा. येणारा धूर आत अडतो. रस्त्याच्या बाजूला छातीपर्यंत बंद भिंत, चढण्यापुरतं दार आणि मागची बाजू बागेकडे उघडी, असं उलटं करून मागा. बसचालकाला दिसावं म्हणून वर पारदर्शक भाग ठेवा. फार खर्चाचं काम नाही. बस सिग्नलच्या अलीकडे थांबते ती सिग्नल ओलांडून पन्नासेक मीटर पुढे थांबली, तर उभ्या गाड्यांची रांगही तिथून दूर जाते.

शाळेचं फाटक मुख्य रस्त्यावर उघडतं, असं तुम्ही लिहिलंय. मागच्या गल्लीत दुसरं फाटक असेल तर सकाळी तेच वापरायला शाळेला सांगा, आणि शाळा सुटायच्या वेळी इंजिन चालू ठेवून थांबणाऱ्या व्हॅन आणि रिक्षांना मनाई करा. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची थंड हवा वर जाऊ शकत नाही, वरच्या उबदार हवेचं झाकण बसतं. म्हणून डिसेंबर-जानेवारीत सकाळी सात-आठची हवा दिवसातली सर्वांत वाईट असते. शाळेच्या कवायती आणि तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं फिरणं त्या दोन महिन्यांत उशिरा, ऊन चढल्यावर ठेवणं हा बिनखर्चाचा उपाय आहे.

धुळीचं मूळ बहुधा पदपथ आणि डांबर यांच्यामधल्या उघड्या मातीत आहे. प्रत्येक चाकाबरोबर ती उडते. ती पट्टी फरशीने किंवा गवताने झाकली, आणि झाडलोट कोरड्या खराट्याने न करता पाणी मारून किंवा यंत्राने ओढून केली, तर तुमच्या चौकाला कुठल्याही मनोऱ्यापेक्षा जास्त फरक पडेल. आसपास बांधकामं चालू आहेत का? मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी जे नियम काढले त्यात उंच पत्र्याचं कुंपण, इमारतीभोवती ओलं कापड, राडारोडा झाकून नेणं आणि ट्रकची चाकं धुऊनच बाहेर सोडणं आहे. ७० मीटरपेक्षा उंच इमारतीला तर ३५ फुटांचं कुंपण लागतं. तुमची नगरपालिका लहान असली तरी यातलं चाकं धुणं आणि राडारोडा झाकणं तिला उद्यापासून करता येईल. कोपऱ्यावर पहाटे कचरा जळत असेल, तर पहिली तक्रार त्याची.

यंत्राला जागाच नाही का? आहे, पण छताखाली. प्लॉटच्या मागच्या बाजूला एक साधी अभ्यासिका मागा, किंवा ज्येष्ठांसाठी आणि शाळेतल्या मुलांसाठी बहुउद्देशीय खोली. दहा मीटर बाय आठ मीटर, उंची तीन मीटर, म्हणजे २४० घनमीटर हवा. तासाला पाच वेळा ती गाळायची म्हटलं तर १,२०० घनमीटर लागते, म्हणजे रॉटरडॅमच्या मनोऱ्याच्या क्षमतेचा पंचविसावा हिस्सा. बाहेरची हवा चांगल्या फिल्टरमधून आत ढकलली की आतला दाब जरा जास्त राहतो आणि फटींतून धूळ आत येत नाही. दम्याचं मूल, हृदयविकार असलेले आजोबा, भाजीवाल्या बाई, ज्याला वाईट दिवशी तासभर बरी हवा हवी त्याच्यासाठी दार उघडं. चौकात उभ्या राहणाऱ्या वाहतूक पोलिसाची चौकीही अशीच करता येते. फिल्टर किती महिन्यांनी बदलणार, त्याचे पैसे कुठल्या लेखाशीर्षातून येणार आणि बदलल्याची तारीख दारावर लिहिली जाणार का, हे निविदेतच लिहून घ्या. हिरव्या भिंतीच्या वेळी मी ते केलं नव्हतं.

हरकत लिहिताना नुसतं ‘मनोरा नको’ असं लिहू नका. मनोऱ्याची क्षमता, तुमच्या चौकाचं गणित, वर्षाचं वीजबिल आणि फिल्टरचा खर्च असे चार आकडे मागा आणि सोबत बदललेल्या बागेचं रेखाटन जोडा. ते रेखाटन करून द्यायला मी तयार आहे, मोबदला नको. पण त्याआधी मला एक माहिती हवी. पुढच्या आठवड्यात तीन दिवस सकाळी सातला, दुपारी दोनला आणि संध्याकाळी सातला प्लॉटच्या चारही कोपऱ्यांवर उदबत्ती लावून उभे राहा. धूर कुठल्या दिशेला जातो आणि कुठे नुसता सरळ वर चढतो किंवा तिथेच घोटाळतो, ते रेखाटनावर बाणांनी काढून पाठवा. शाळेतल्या मुलांना हे काम आवडेल. जिथे धूर घोटाळतो तिथे बाक ठेवायचं नाही, आणि ओढ्याकडून रस्त्याकडे बाण दिसले तर झोपाळे कुठे टांगायचे ते ठरलंच.